गाडीचे 'अ‍ॅव्हरेज' म्हणजे कशाची सरासरी?

नवी गाडी घेतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" इंग्रजीतल्या या शब्दाचा अर्थ नुसता 'सरासरी' असा आहे. लिटरमागे किती किलोमीटर, हा अर्थ त्याला आपण चिकटवला. तरीही शब्द चुकीचा नाही. उलट तो इतका बरोबर आहे की त्यामुळेच विचारावेसे वाटते : सरासरी कशाची? किती मोजमापांची? जातानाची की येतानाची? उत्तर देणारा मात्र बेधडक एकच आकडा सांगून मोकळा होतो.

अशाच एका आकड्यावरून गेल्या वर्षी एका माणसाच्या पगारातून दोन महिने पैसे कापले गेले. त्या प्रकरणात आम्हाला लक्ष घालावे लागले. त्यासाठी आम्ही जे मोजले आणि जे गणित मांडले ते नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रापलीकडचे नाही. म्हणून ते शिक्षकांपुढे ठेवत आहोत.

हकीकत अशी. आमच्या परिचयाच्या एका छोट्या संस्थेचे एक कार्यालय पुण्यात आणि दुसरे पनवेलजवळ आहे. संस्थेची लहान पेट्रोल गाडी आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी द्रुतगती मार्गाने पनवेलला जाते आणि संध्याकाळी परत येते. एका बाजूचे अंतर १२० किलोमीटर. पोचल्यावर तिथल्या पंपावर टाकी फुल करायची आणि ते बिल पनवेलच्या कार्यालयात द्यायचे. परतीचे पेट्रोल पुण्यातल्या पंपावर भरायचे आणि ते बिल पुण्यात द्यायचे. परत यायला उशीर होई, म्हणून गाडी रात्री ड्रायव्हरकाकांच्या घराजवळ उभी राही आणि पुण्यातले भरणे दुसऱ्या दिवशी सकाळी होई.

पुण्याच्या हिशेबनिसांनी आपल्याकडच्या बिलांवरून अ‍ॅव्हरेज काढले. ते आले १६. संस्थेने ठरवलेले प्रमाण १८ आणि गाडीच्या कागदावरचा आकडा २२. त्यांनी पनवेलला फोन केला, तर तिथल्या बिलांवरून २० च्या वर अ‍ॅव्हरेज निघत होते. झाले! तीच गाडी, तोच रस्ता, तेवढेच अंतर, तोच चालक. मग दर फेरीला दीड लिटर पेट्रोल रात्रीतून जाते कुठे?

"येताना घाट चढावा लागतो साहेब," काका म्हणाले.

"घाट पंधरा किलोमीटरचा. बाकीचे शंभर किलोमीटर सपाटच ना? आणि चढताना जास्त लागलं तर उतरताना वाचतं. फिट्टमफाट!"

हिशेबनीस वाईट माणूस नव्हेत. त्यांचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे, आणि वर्गात विचारून पाहा, निम्मी मुले त्यांच्या बाजूने हात वर करतील. काकांनी आमच्याकडे एवढेच मागितले : "चढाला किती जातं ते मोजून सांगा. कमी निघालं तर मी कबूल."

टाकी 'फुल' म्हणजे किती फुल?

रस्त्यावरचे अ‍ॅव्हरेज काढायची सर्वांना ठाऊक असलेली रीत म्हणजे टाकी फुल करायची, ओडोमीटर वाचायचा, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची. भरलेल्या लिटरांनी किलोमीटरना भागायचे. रीत चांगली आहे. पण तिच्यात चूक कुठे आणि किती शिरते हे पाहिल्याशिवाय तिच्या उत्तरावरून कोणाला चोर ठरवणे धाडसाचे आहे.

पंपाच्या मापाची चूक फारशी नसते. कायद्याने पाच लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, एवढाच फरक चालतो. शंका असेल तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागवून खात्री करून घेता येते. खरी गडबड 'फुल' या शब्दात आहे. नॉझलच्या टोकाशी एक बारीक भोक असते. त्यातून हवा आत ओढली जात असते. टाकीत पेट्रोल चढून ते भोक झाकले गेले की हवा अडते, आतला दाब घटतो आणि झडप खटकन बंद होते. पण हे भोक फेसानेही झाकले जाते. पंप जोरात सोडला, नॉझल तिरके धरले किंवा गाडी थोडी कलती उभी असली, की 'खट्' आवाज आधी किंवा नंतर येतो. आम्ही एकाच गाडीवर पुन्हा पुन्हा पाहिले, तर अर्धा लिटर इकडे-तिकडे सहज होतो.

आता १२० किलोमीटरला सहा-सात लिटर पेट्रोल लागते. सहा लिटरांत अर्धा लिटर म्हणजे आठ टक्के! खरे अ‍ॅव्हरेज १८ असेल, तर एका फेरीच्या बिलावरून ते साडेसोळाही निघेल आणि साडेएकोणीसही. यावर उपाय सोपा आहे. फेऱ्या वाढवायच्या. एखाद्या दिवशी टाकी थोडी कमी भरली गेली तर तेवढे पेट्रोल पुढच्या वेळी आपोआप जास्त मावते, त्यामुळे मधल्या सगळ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली चूक. हजार-बाराशे किलोमीटरच्या एकूण पेट्रोलमध्ये ती दीड टक्क्यावर येते.

सकाळी लवकर पेट्रोल भरले की जास्त मिळते, असा एक समज आहे. पेट्रोल तापले की फुगते हे खरे. एका अंशाला साधारण ०.१ टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथले तापमान सकाळ-दुपारी जवळजवळ बदलत नाही. तेव्हा सकाळची झोप मोडण्याचे कारण नाही.

भागाकारातली दुसरी संख्या म्हणजे अंतर. ओडोमीटर अंतर मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते, झिजून ती १.६ वर आली की टायर बदलायचा असतो. म्हणजे चाकाची त्रिज्या सुमारे ६ मिलिमीटरने घटते. लहान गाडीच्या चाकाची त्रिज्या २८५ मिलिमीटरच्या आसपास धरली, तर हा फरक दोन टक्क्यांचा झाला. झिजलेले चाक तेवढ्याच अंतरात जास्त फेरे घेते, ओडोमीटर जास्त किलोमीटर दाखवतो, आणि टायर जसजसे झिजतात तसतसे गाडीचे अ‍ॅव्हरेज 'सुधारत' जाते! रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी पन्नास किलोमीटर ताळा घेतला की आपला ओडोमीटर किती खोटे बोलतो ते कळते.

रस्ता आणि हवा किती अडवतात?

मोजमापाची शिस्त ठरली. आता अपेक्षा काय करायची? सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला पेट्रोल लागतेच कशाला? न्यूटनचा पहिला नियम शिकलेल्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला पाहिजे. वेग बदलत नाही, म्हणजे गतिज ऊर्जा बदलत नाही. पेट्रोल खर्च होते ते फक्त अडवणाऱ्या बलांवर मात करण्यात. ही बले मुख्यतः दोन. एक, टायर रस्त्यावर घरंगळताना सतत चेपतो आणि सुटतो, त्यात ऊर्जा जाते. हा रोध वेगाने फारसा बदलत नाही. दुसरा हवेचा रोध, जो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

हे दोन्ही रोध मोजायला एक घड्याळ पुरते. गाडी वेगात असताना गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा आणि वेग किती सेकंदांत किती उतरतो ते पाहायचे. आम्ही हा प्रयोग परवानगी घेऊन एका खाजगी, सरळ आणि सपाट रस्त्यावर केला. वारा पडलेला असताना, पहाटे, आणि दोन्ही दिशांनी, म्हणजे न दिसणारा उतार कापला जातो. वेगासाठी मोबाईलवरचे जीपीएस वापरले, कारण गाडीचा वेगदर्शक मुद्दामच थोडा जास्त वेग दाखवील असा केलेला असतो.

ताशी ८५ वरून ७५ किलोमीटरवर यायला सरासरी १० सेकंद लागले. ताशी ४५ वरून ३५ वर यायला १८ सेकंद. दोन्ही वेळा वेग १० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २.७८ मीटरने, घटला. माणसे आणि सामान धरून गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम. बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगबदलाचा दर. त्यावरून ताशी ८० किलोमीटरला एकूण रोध ३३३ न्यूटन आणि ताशी ४० ला १८५ न्यूटन.

दोन समीकरणे, दोन अज्ञाते. वेग सेकंदाला मीटरमध्ये घेतला तर ८० म्हणजे २२.२ आणि ४० म्हणजे ११.१, त्यांच्या वर्गांतला फरक ३७०. बलांतला फरक १४८ न्यूटन. भागाकार केला की ०.४. म्हणजे हवेचा रोध = ०.४ × वेगाचा वर्ग. उरलेला टायरांचा रोध १३६ न्यूटन. झाले, गाडीची कुंडली हाती आली. यावरून ताशी १०० ला एकूण रोध ४४५ न्यूटन आणि १२० ला ५८० न्यूटन येतो. ताशी ८० लाच एकूण रोधातला साठ टक्के वाटा नुसत्या हवेचा आहे हे पाहून आमच्याबरोबरचे विद्यार्थी चकित झाले. टपावर सामानाचा कॅरिअर लावणाऱ्यांनीही व्हायला हवे.

(गर्दीच्या रस्त्यावर हा प्रयोग अजिबात करू नये. शाळेच्या मैदानावर सायकल घेऊन तो तितकाच छान होतो, आणि सायकलस्वार वाकला की ०.४ च्या जागी येणारी संख्या कशी बदलते हेही दिसते.)

न्यूटनवरून लिटरवर

एक न्यूटन बलाविरुद्ध एक किलोमीटर जायला एक किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे ३३३ न्यूटन रोध म्हणजे दर किलोमीटरला ३३३ किलोज्यूल. एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल आणि एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते. सध्या आपल्या पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात लिटरमागे ३० मेगाज्यूलच्या आतबाहेर ऊर्जा येते, म्हणजे पूर्वीपेक्षा सहा-सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या इथेनॉल-आराखड्यातही, जुन्या धर्तीने बनवलेल्या चारचाकींच्या अ‍ॅव्हरेजमध्ये ६ ते ७ टक्के आणि या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट धरली होती.

यातली चाकांपर्यंत पोचते किती? बरीचशी ऊर्जा धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. पेट्रोल इंजिनाची उत्तमातली उत्तम कार्यक्षमता ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते, पण ती इंजिनावर चांगला भार असताना. सपाट रस्त्यावर ताशी ८० ला आपल्या गाडीला जेमतेम ७.४ किलोवॅट, म्हणजे दहा अश्वशक्ती, पुरतात. इंजिन असते सत्तर-ऐंशी अश्वशक्तीचे. हत्तीला घागर वाहायला लावल्यासारखे हे आहे. घागरीपेक्षा हत्तीचाच खर्च जास्त. म्हणून आम्ही कार्यक्षमता २५ टक्के धरली. म्हणजे लिटरमागे साडेसात मेगाज्यूल कामाचे. ७५०० भागिले ३३३ : लिटरला २२.५ किलोमीटर.

वा! कागदावरचा आकडा आला की! पण एसी लावायचा राहिला. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून उन्हाळ्यात दीड किलोवॅटच्या आसपास घेतो. ताशी ८० ला एक किलोमीटर जायला ४५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ६७ किलोज्यूल. ३३३ चे ४०० झाले आणि २२.५ चे १८.७. एसी किलोमीटर जाणत नाही, तो मिनिटे मोजतो. म्हणून त्याची सर्वांत जास्त झळ हमरस्त्यावर नव्हे तर वाहतूक तुंबल्यावर लागते. नुसत्या उभ्या गाडीचे इंजिन एसीसह तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पिते, आणि त्या तासाचे अ‍ॅव्हरेज असते शून्य.

आता वेग वाढवून पाहू. एसी लावून ताशी १०० ला दर किलोमीटरला सुमारे ५०० किलोज्यूल लागतात, म्हणजे लिटरला १५ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर परवानगी आहे तसे १२० ने गेलो तर १२. प्रत्यक्षात घसरण एवढी तीव्र नसते, कारण भार वाढला की इंजिनाची कार्यक्षमता थोडी सुधारते. १२ च्या जागी १३-१४ मिळतील. पण दिशा बदलत नाही. पुणे-पनवेल ८० ऐवजी १०० ने कापले तर १८ मिनिटे वाचतात आणि या हिशेबाने दीड लिटर पेट्रोल जास्त जाते. बरोबर तेच दीड लिटर, ज्यासाठी एका माणसावर संशय घेतला गेला! (काका मात्र ८० च्या वर जात नव्हते. जीपीएसची नोंदच तशी होती.)

वाऱ्याचेही असेच. समोरून ताशी २० चा वारा असला तर ८० ने जाणाऱ्या गाडीला हवा १०० ची वाटते. परतताना तोच वारा पाठीशी आला की ६० ची. इथेही फिट्टमफाट होत नाही. १०० आणि ६० च्या वर्गांची सरासरी ६८०० येते, ८० चा वर्ग आहे ६४००. म्हणजे जाऊन-येऊन हवेचा रोध सहा टक्के जास्तच.

घाटाचे कर्ज

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि पनवेल जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर. ही सगळी उंची खंडाळ्याच्या घाटात, चौदा-पंधरा किलोमीटरांत, चढून जायची. रेल्वेने येणाऱ्यांना ठाऊक आहे की कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. मोटारगाडीला मागून ढकलणारे कोणी नसते, जादा पेट्रोलच ते काम करते.

किती जादा? वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची : १२०० × ९.८ × ५५० म्हणजे साधारण ६.५ मेगाज्यूल. लिटरमागे साडेसात कामाचे, या हिशेबाने ०.८७ लिटर. हिशेबनिसांची चूक इथे झाली. त्यांनी घाटाची लांबी पाहिली. चढाचा खर्च लांबीवर नसतो, उंचीवर असतो; घाट पंधरा किलोमीटरचा असो की पन्नास, साडेपाचशे मीटरला लागणारी ऊर्जा तेवढीच.

मग उतरताना हे ६.५ मेगाज्यूल परत मिळत नाहीत का? मिळतात, पण सगळे नाही. घाटाचा सरासरी उतार चार टक्क्यांच्या आसपास आहे. अशा उतारावर गुरुत्वाकर्षण आपल्या गाडीला ४७० न्यूटन बलाने पुढे ओढते. घाटात वेग ताशी ५० धरला तर रोध फक्त २१३ न्यूटन. म्हणजे ४७० पैकी २१३ उपयोगी पडतात, ४५ टक्के. उरलेले? ते वापरले नाही तर गाडी वेग घेत सुटेल. म्हणून आपण ब्रेक लावतो किंवा खालच्या गिअरमध्ये इंजिनाकडून गाडी अडवून घेतो, आणि ती ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. घाट उतरून आलेल्या ट्रकच्या चाकांपाशी जो जळका वास येतो तो या परत न मिळालेल्या कर्जाचा. विजेच्या गाड्या आणि रेल्वेची इंजिने यातले काही बॅटरीत किंवा तारांत परत घालतात. पेट्रोलच्या साध्या गाडीकडे तशी सोय नाही.

जाता जाता, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांसाठी : कारब्युरेटरच्या जमान्यात थोडेफार वाचतही असेल. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की पेट्रोल पूर्ण बंद होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते ते द्यावे लागते. म्हणजे बचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर. तापलेले ब्रेक घाटात काय करतात ते सांगायला नको.

आता हिशेब जुळवू. सपाटीचे १२० किलोमीटर एसीसह ६.४ लिटर. येताना त्यात ०.८७ मिळवा : ७.२७ लिटर, अ‍ॅव्हरेज १६.५. जाताना ०.४ वजा करा : ६ लिटर, अ‍ॅव्हरेज २०. नुसत्या उंचीमुळे जाता-येता सव्वा लिटरचा फरक पडायलाच हवा. तो पडला नसता तरच चौकशी करायला हवी होती!

प्रत्यक्षात

कागद काही म्हणो, मोजल्याशिवाय खरे नाही. आमच्यापैकी एक जण काकांबरोबर पाच फेऱ्या बसून गेला-आला. दोन्हीकडे तोच पंप, तेच नॉझल, गाडी उभी करायची जागाही खुणेने ठरवलेली. पुण्यातले भरणे रात्रीच, गाडी घरी नेण्याआधी. जातानाच्या ६०० किलोमीटरांना एकूण २९.१ लिटर लागले, येतानाच्या ६०० किलोमीटरांना ३७ लिटर. म्हणजे जाताना २०.६ आणि येताना १६.२. रात्रीचा प्रश्नच नव्हता, तरी फरक दर फेरीला १.६ लिटर पडलाच.

आमच्या गणितापेक्षा तो ०.३ लिटरने जास्त होता. याचे उत्तर आमच्या सहकाऱ्याच्या वहीत मिळाले. संध्याकाळी पुण्यात शिरताना गाडी रोज पंधरा ते पंचवीस मिनिटे वाहतुकीत अडकत होती. वीस मिनिटे, एसी चालू : एक तृतीयांश लिटर. अर्थात २५ टक्के कार्यक्षमता आणि दीड किलोवॅट हे आकडे आम्ही अंदाजाने धरलेले आहेत, तेव्हा हा ताळा इतका सुबक जुळला यात थोडा योगायोगही मानावा.

एकूण १२०० किलोमीटर, ६६.१ लिटर. अ‍ॅव्हरेज १८.२. संस्थेने ठरवलेले प्रमाण १८ होते! पुण्याच्या खात्याला फक्त चढाची बिले दिसत होती आणि पनवेलच्या खात्याला फक्त उताराची, एवढेच.

इथे एक छोटा सापळा आहे तो गणिताच्या शिक्षकांनी वर्गात लावावा. समजा एका बाजूला अ‍ॅव्हरेज ३० पडले आणि तेवढेच अंतर परत येताना १०. दोन्ही मिळून किती? मुले २० म्हणतील. तीस-तीस किलोमीटर धरून पाहा : जाताना १ लिटर, येताना ३. साठ किलोमीटरना चार लिटर, म्हणजे १५. अंतर समान असताना इथे साधी सरासरी चालत नाही, हरात्मक मध्य घ्यावा लागतो. युरोपात उलट, १०० किलोमीटरला किती लिटर, असे मोजतात, तिथे हा सापळा उरत नाही. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की आपल्या पद्धतीचा आकडा लोकांना बचतीबद्दल चकवतो. लिटरला १० देणारी गाडी १२ वर आणली तर १२०० किलोमीटरमागे २० लिटर वाचतात. २० देणारी २४ वर आणली तर फक्त १०. ऐकायला दुसरी सुधारणा मोठी वाटते.

कागदावरचे २२

राहिला प्रश्न कागदावरच्या आकड्याचा. तो खोटा असतो का? नाही. तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो.

पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. अशा चाचणीकेंद्रांत गाडी रस्त्यावर धावत नाही, तिची चाके रुळांवर फिरतात. त्या रुळांनी किती अडवायचे ते आपण केला तशाच, वेग उतरण्याच्या प्रयोगावरून ठरवलेले असते. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालक वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. आपल्याकडे वापरात असलेल्या भारतीय चालन-चक्रात हा खेळ १९ मिनिटे ४० सेकंद चालतो, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर होते, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास राहतो, आणि वेग ९० च्या वर कधीच जात नाही. पेट्रोलही टाकीतून मोजत नाहीत. धुरातला कार्बन मोजतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यावरून उलट हिशेब. टाकी 'फुल' करण्याची कटकटच नाही.

ही चाचणी सगळ्या गाड्यांना सारखी असते, हा तिचा मोठा गुण. दोन गाड्यांत डावे-उजवे करायला ती उत्तम. पण तिच्यात घाट नाही, वारा नाही, एसी बंद, तुंबलेला चौक नाही, ताशी १०० नाही. तुमच्या गाडीचे तुमच्या रस्त्यावर काय होईल हे तिला कोणी विचारलेलेच नसते.

अमेरिकेत हाच अनुभव आधी आला. तिथल्या हमरस्ता-चाचणीत सरासरी वेग ताशी ७८ किलोमीटरच्या आसपास. लोकांना तेवढे अ‍ॅव्हरेज मिळेना, तेव्हा १९८५ च्या मॉडेलांपासून तिथल्या पर्यावरण संस्थेने हमरस्त्याचा चाचणीतला आकडा सरसकट २२ टक्के कमी करून छापायला लावला. २००८ च्या मॉडेलांपासून जास्त वेगाची, एसी लावून केलेली आणि थंडीतली अशा आणखी चाचण्या हिशेबात घेतल्या. तो २२ टक्क्यांचा गुणक आपल्या चाचणीला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी हमरस्त्यावर एसी लावून चालणाऱ्या लहान गाडीने कागदावरच्या आकड्याच्या चार-पंचमांशाएवढे अ‍ॅव्हरेज दिले तर आम्ही तक्रार करणार नाही. २२ चे चार-पंचमांश साडेसतरा. काकांची गाडी त्याहून बरी निघाली.

हे सगळे कागद आम्ही हिशेबनिसांपुढे ठेवले. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतले, स्वतः पुन्हा गुणाकार केले, एके ठिकाणी आमची दशांशातली चूकही काढली. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत मिळाले. दोन्हीकडची बिले आता एकाच वहीत लिहिली जातात आणि अ‍ॅव्हरेज महिन्याला एकदाच काढले जाते.

त्यानंतर दोन महिन्यांनी गाडीचे चारही टायर बदलले आणि वहीतले अ‍ॅव्हरेज १८.२ वरून १७.८ वर आले. हिशेबनिसांचा फोन आला. जुन्या टायरची खाच किती मिलिमीटर उरली होती ते काकांनी मोजून ठेवले आहे, त्यावरून ओडोमीटरचा फरक कसा काढायचा, असे ते विचारत होते.